आपली न्हाई

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्धापूरहून नांदेडला येणाऱ्या बसमध्ये होते. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, बाबा गेले. सकाळी उठलेच न्हाईत." त्याला आता दीड महिना होईल. लातूरच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर क्लासची मुलं भाड्यानं राहतात. सगळी धावपळ त्यांनीच केली. जो तो सरांच्या फिजिक्सबद्दल बोलत होता. सरांचा दुसरा विषय कुणालाच ठाऊक नव्हता. जुन्या सिनेमात दिसणाऱ्या शिकारी बंदुका मामा बघताक्षणी ओळखायचे.

बारावीला मी त्यांच्याकडे राहायला गेले, ते भूकंपाचं वर्ष. गावोगावची हुशार पोरं लातुरात आणून टाकायची लाट तेव्हा नुकतीच आली होती. मामा चहा पिता पिता आमच्याकडून गणितं सोडवून घेत. पण टीव्हीवर कुणी राजासाहेब शिकारीला निघाले, की त्यांचा हात थांबायचा. पडद्याला नाक लावून बघायचे. "ही तर दुनाळी." "हिचा खटका बाजूला हाय, आपलीचा खाली होता." आणि मग मोठा श्वास सोडून, "आपली न्हाई." कंधारच्या आमच्या आजोबांची एक विलायती रायफल होती. पोलीस ॲक्शननंतर हत्यारं जमा करून घेतली त्यात ती गेली, आणि पुढे लिलावातून मुंबईच्या सिनेमावाल्यांकडे पोचली, असं घरात बोललं जायचं. मामी चिडवायच्या, "बंदूक गेली, पण साहेबी काय जाईना यांची!" आम्हालाही तसंच वाटायचं.

मग ती पहाट झाली... किल्लारीकडून एकेक बातमी येऊ लागली. आमचं घर उभं राहिलं होतं, पण आत जायला कुणी धजेना. अंगणात ताडपत्री बांधली, टीव्हीसुद्धा ओट्यावर आणला. एका दुपारी सिनेमातला नायक गमतीनं नायिकेवर बंदूक रोखत होता, तेवढ्यात पुन्हा जमीन हलली. फळीवरची भांडी वाजू लागली. सगळे उठून पळाले. मी मामांना ओढत होते आणि ते पडद्यावरून नजर काढेनात. हादरा थांबल्यावर म्हणाले, "आपली न्हाई."

मी चिडलेच. "मामा, जिवापेक्षा बंदूक जास्त झाली का?"

"ती भरलेली हाय, पोरी." ते इतक्या हळू बोलले, की मी जवळ सरकले. "रझाकारांच्या धास्तीनं बाबांनी काडतूस घालून ठेवलं होतं. मग हुकूम आला, घाईघाईत ठाण्यात नेऊन दिली. घरी परतल्यावर ध्यानात आलं. पण त्या दिवसांत भरलेली बंदूक दिली म्हणून सांगायला जाणार कोण? त्यांनाच आत टाकलं असतं."

"नंतर कुणीतरी उघडून बघितलंच असेल की!"

"बघितलं असंल. बघितलं नसंल." बंदुकीचा लाकडी दस्ता तडकला होता, त्यावर आजोबांनी पितळेची पट्टी ठोकली होती. "ती पट्टी कुठं दिसू नये म्हणून बघून राहिलो मी."

एवढं ओझं घेऊन हा माणूस आम्हाला हसतखेळत शिकवत होता. मला त्यांची फार माया आली, आणि भीतीही वाटली. त्यानंतर शिकारीचा कुठलाच सिनेमा मला सुखानं बघता आला नाही.

पुढे लातूरभर क्लासच्या पाट्या लागल्या, मामा निवृत्त झाले, मामी गेल्या. सवय तीच राहिली. गेल्या दिवाळीत मी गेले, तेव्हा टीव्हीवर सहलीचं गाणं चाललं होतं. नायक रायफल उचलून एकेका मुलीवर रोखतो, मुली खिदळत पळतात. मामा पुढे वाकले. मी त्यांच्या नेहमीच्या शब्दांची वाट बघत राहिले... ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "बंद कर ते." त्या दिवशी ते जेवले नाहीत. विचारायचा धीर मला झाला नाही.

तेराव्यानंतर, त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसून, मी तो सिनेमा मोबाईलवर शोधला. दस्त्यावर पट्टी आहे. नायिकेच्या एका सावळ्या, हसऱ्या मैत्रिणीवर नेम धरलेला असतानाच दृश्य तुटतं आणि एकदम दिवाणखाना दिसतो. जुन्या फितीत असं होतं, मी स्वतःला समजावलं. सिनेमा शेवटपर्यंत बघितला. नायिकेच्या लग्नात तिच्या बाकीच्या सगळ्या मैत्रिणी आहेत. ती नाही.