मामाजींच्या रायफलीवरची दुर्बीण

मागच्या महिन्यात नातीनं कॅमेऱ्याची लांब भिंगं बघायला घेतली. ताडोबाला जायचं होतं. चार दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. ही किती पटीची, ती किती पटीची, ही झटकन निघते का, ती घट्ट बसते का. मी शेजारी तूरडाळ निवडत होते. दोनदा मध्ये तोंड घातलं तेव्हा म्हणाली, "आजी, तुला यातलं काही समजते का?"

मला! अगं, मी तुझ्या वयाची असताना वाघाच्या रायफलीवरची दुर्बीण निवडली आहे. तीही चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, दुकानात, दुकानदाराशी भांडून. तिला ऐकायला वेळ नव्हता. म्हणून इथे लिहून ठेवते.

आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे. आता तो गडचिरोली जिल्हा, तेव्हा सगळा चांदाच. मी वीस-एकवीस वर्षांची नवी सून, आणि बी.ए. झालेली. हे दुसरं मी कोणाला विसरू द्यायचे नाही. विहिरीत बादली पडली तरी माझी सुरुवात "आमच्या कॉलेजात" अशी व्हायची. नवरा सिरोंच्याला मास्तर, महिन्यातून एकदा यायचा. घरात मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामाजी म्हणजे सासरे.

मामाजी धानाचे शेतकरी. पण त्यांच्याकडे एक मोठी विलायती रायफल होती, बदली होऊन गेलेल्या एका जंगल-साहेबाकडून रीतसर परवान्यानं घेतलेली. शिकारीवर बंदी यायच्या थोडं आधीचा हा काळ. कुठे वाघ माणसावर गेला की जंगल खात्याच्या रेंज ऑफिसातून मामाजींना चिठ्ठी यायची. अशी चिठ्ठी तीन-चार वर्षांतून एखादी, पण ते मधली सगळी वर्षं तिच्यावर काढायचे. रायफल दर आठवड्याला पुसायची, तेल द्यायचं, परत खोळीत घालायची.

त्या वर्षी मोहाची फुलं पडायला लागली आणि चिठ्ठी आली. पलीकडच्या गावात मोह वेचणाऱ्या एका बाईला वाघानं मारलं होतं. आठ दिवसांत हाका करायचं ठरत होतं. गावची माणसं डबे वाजवत वाघाला हाकत आणणार, मामाजी मचाणावर. येणार का, ते कळवा.

चिठ्ठी वाचून दाखवणारी मीच. मामाजी म्हणाले, "लिही, येतो."

माझा हात चालेना. कारण आठ दिवसांपूर्वी संध्याकाळ व्हायच्या आत, चांगल्या उजेडात, मी त्यांच्या मागून शेताच्या धुऱ्यावरून येत होते. मामाजी थांबले आणि पळसाच्या एका खुंटाला म्हणाले, "काऊन गा, घरी नाई गेला का अजून?" खुंट काही बोलला नाही. मामाजी जवळ गेले, हात लावून पाहिला, आणि मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी लगेच आभाळातले बगळे मोजायला लागले. आभाळात बगळे नव्हते.

त्याआधी धानाच्या वेळी त्यांनी रानडुकरावर झाडलेली गोळी बांधीच्या मातीत गेली होती. गाव म्हणालं, म्हातारा भ्याला. भ्यायले नव्हते. त्यांना दिसत नव्हतं. हे घरात मला एकटीला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक. मचाणावरून नेम चुकला तर वाघ मरत नाही, जखमी होतो, आणि खाली डबे वाजवत उभ्या असलेल्या माणसांत शिरतो. मग त्याच्यामागे पायी जायचं तेही मामाजींनीच.

शहाण्या माणसानं त्यांना सरळ सांगितलं असतं. पण मी बी.ए. झाले होते, त्यामुळे मला एक युक्ती सुचली.

"मामाजी," मी म्हटलं, "आजकाल सगळे साहेब लोक रायफलीवर दुर्बीण लावतात. फॅशनच आहे."

"दुर्बीण?"

"हो. वाघ लांब असला तरी अंगणात बांधल्यासारखा दिसतो."

त्यांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "फॅशन हाय म्हणतेस त घेऊ."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "वा! बंदुकीले चष्मा लावून राह्यले, मानसाले नाई." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. पण मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते, की मला ते वाक्य त्या दिवशी नुसतं विनोदी वाटलं.

डोंग्यातून नदी ओलांडून, मग मोटारीनं आम्ही चांद्याला गेलो. रायफल गोधडीत गुंडाळलेली. मोटारीत एका बाईनं विचारलं, "लेकरू हाय का आजारी?" मी म्हटलं, "हो, ताप आहे." मामाजींनी खिडकीबाहेर तोंड करून हसू दाबलं.

बंदुकीचं दुकान जटपुरा वेशीपासून हाकेच्या अंतरावर. दुकानदार म्हातारा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. त्यानं दोन दुर्बिणी काढल्या. एक आखूड, अडीच पटीची. दुसरी लांब, रुबाबदार, आठ पटीची. मी आठ पटीची उचलली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन वेशीकडे लावली. काय सांगू! वेशीच्या दगडात बसलेल्या कबुतराचा डोळा दिसला. डोळ्याभोवतीची लाल कड दिसली. मी आयुष्यात इतकं जवळून काहीच पाहिलं नव्हतं, नवऱ्याला धरून.

"हीच," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "बाई, जंगल में आठ का क्या काम? दहा हातावर वाघ आला त तुमाले फक्त केस दिसतीन. पोट हाय का पाठ हाय, समजनार नाई. आनि सांज पडली का ही अंधारी होते. अडीचची घ्या."

"अडीचमध्ये कबुतराचा डोळा दिसतो का?"

"कबुतर मारायचं हाय का तुमाले?"

मी त्याला भिंगांच्या शास्त्रावर चार वाक्यं ऐकवली. त्यातली दोन मला स्वतःलाही कळली नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "बाबा, एक बार आप भी देखो."

मामाजी खुर्चीतून उठले नाहीत. "सूनबाईनं पाह्यलं ना? झालं मंग."

मला वाटलं, काय हा विश्वास! मान अशी ताठ झाली माझी. ज्याच्या डोळ्याला ती लावायची त्यानं एकदाही तिच्यातून पाहिलं नाही, आणि मी दाखवलीही नाही. मी दुर्बीण माझ्या डोळ्यांनी निवडली. वीस वर्षांच्या, ठणठणीत, मूर्ख डोळ्यांनी.

मामाजी उठले ते कड्या निवडायला. दुर्बीण रायफलीवर बसते ती दोन कड्यांत. काही कड्या स्क्रूनं कायमच्या आवळायच्या असतात. काहींना बाजूला खिट्टी असते, ती उलटी फिरवली की दुर्बीण हातात. मला कायमच्याच बऱ्या वाटल्या, जास्त मजबूत दिसत होत्या. मामाजींनी डोकं हलवलं.

"जखमी जनावर बांबूच्या रांजीत घुसलं, त दुर्बीण काय करतेस? तवा ही माशी पाह्यजे." नळीच्या टोकावरच्या बारीक खुंटीवर त्यांनी बोट ठेवलं. नेम धरायचा तो तिच्यावरून. "दुर्बीण तवाच्या तवा निंगाली पाह्यजे. आन् परत बसवली त होती तिथीच बसली पाह्यजे, गव्हाएवढी बी सरकली नाई पाह्यजे."

मग त्यांनी डोळे मिटले आणि कड्यांचा एकेक जोड बोटांनी तपासला. खिट्टी उघडायची, दुर्बीण काढायची, बसवायची, खिट्टी लावायची. टक. परत. टक. दुकानदार कौतुकानं बघत राहिला. तिसऱ्या जोडाला मामाजी थांबले. "ह्या." दुकानदार म्हणाला, "बाबा, मी असतो त मी बी ह्याच घेतल्या असत्या." मला तो काही असं म्हणाला नव्हता. निघताना एवढंच म्हणाला, "बाई, गोळी मारताना डोळा चार बोटं दूर ठेवायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बोडीच्या पाळीवर गेलो. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. पलीकडच्या काठावर मी चुन्यानं पांढरं केलेलं मडकं ठेवलं. ऊन लख्ख, वारा नाही. पहिली गोळी कोणी मारायची? परवाना मामाजींच्या नावाचा होता, हे तुम्ही क्षणभर विसरा. मी हट्ट धरला. मडक्यावरचा माझ्या बोटांचा ठसासुद्धा आठ पटींनी दिसत होता, आणि तो आणखी जवळून दिसावा म्हणून मी डोळा भिंगाला चिकटवला. चार बोटं कुठली, चार केसांचंही अंतर नव्हतं.

आवाज झाला. मडकं तिथेच होतं. मी पाळीवरून खाली, बेशरमाच्या झुडपात होते, आणि उजव्या भुवईतून रक्त वाहत होतं. रायफलीनं मागे धक्का दिला तेव्हा दुर्बिणीच्या कडेनं भुवईत चंद्रकोर काढली होती. ती अजून आहे. कोणी विचारलं की मी दर वेळी वेगळं कारण सांगते. बैलाचं शिंग, नवऱ्याची पट्टी, कॉलेजातला मोर्चा.

मामाजींनी शेल्याची पट्टी बांधली. आधी घाबरले, मग मी जिवंत आहे असं पाहून इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "काऊन वं, आठ पटीनं लागलं का?"

मग त्यांनी रायफल घेतली. डोळा बरोबर चार बोटं लांब. पाहत राहिले. मी गोळीची वाट बघत कानांवर हात ठेवले होते. गोळी सुटेना.

"पोरी," ते म्हणाले, "मडकं ठेवलं ना?"

"ठेवलंय."

"तिथी धुकं हाय का?"

मोहाच्या दिवसांतली दुपार. धुकं कुठलं? मोतीबिंदूच्या डोळ्याला आठ पटीची दुर्बीण लावली, तर पांढरेपणाही आठ पटीचाच होतो, हे माझ्या बी.ए.त नव्हतं.

मामाजींनी खिट्ट्या उलट्या फिरवल्या, दुर्बीण काढून माझ्या मांडीवर ठेवली. मग माशीवरून पाहिलं. आणि गोळी न झाडताच रायफल खाली घेतली. पाणी हललंसुद्धा नाही.

घरी आलो तर जंगल ऑफिसचा शिपाई उत्तर न्यायला ओट्यावर बसला होता. मी कागद घेतला. मामाजींची अब्रू राखायची म्हणून सुंदर अक्षरात लिहिलं, "प्रकृती अस्वास्थ्यामुळे येणे शक्य नाही," आणि वाचून दाखवलं.

"प्रकृतीले काय धाड भरली? खोड ते. लिही, डोळे गेले."

"मामाजी, गाव हसेल."

"हासू दे. हाक्यात कोन उभं राह्यते? गावच. मी चुकलो त हासाले तरी कोन उरनार?"

मी खोडलं आणि लिहिलं. सही करताना त्यांचा हात माझ्या ओळींवरून तिरपा उतरत गेला. मी म्हटलं, "परत स्वच्छ लिहून देते."

"वाचता येते ना?"

"येते."

"मंग दे त्याले."

शिपायानं कागद वाचला आणि पायात चपला सरकवल्या. मामाजींनी त्यालाच विचारलं, "हाका कोन्या दिवशी हाय? मी येतो गा. बंदूक नाई आनत. पन तिथच्या नाल्याच्या त्या अंगाले मानसं कुठी उभी करायची ते मले ठाव हाय. तिथी चुकीच्या जागी उभं केलं त कोनी वाचनार नाई."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "बाई, शिदोरी बांध त्यायची."

मामाजी निघाल्यावर पाचव्या दिवशी परत आले. वाघ सिरोंच्याकडून आलेल्या एका शिकाऱ्याच्या गोळीनं पडला होता, आणि हाक्यातली सगळी माणसं आपापल्या घरी पोचली होती. मामाजी पाय धुता धुताच बोलायला लागले. कोणाला कुठे उभं केलं, कोणाला झाडावर चढवलं, तो शिकारी कसा पोरगेला पण हाताचा स्थिर.

"आन् तुमच्या डोळ्याचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सगळ्यायले सांगून टाकलं. त्या शिकाऱ्यालेबी सांगितलं. त्याच्या बापाले बी असाच मोतीबिंदू झाला होता म्हने, कापून काढला." त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्या बांगड्यांच्या आवाजाच्या दिशेनं वळून विचारलं, "पोरी, चांद्याच्या डोळ्याच्या दवाखान्याले जायाची मोटर सकाळी किती वाजता हाय?"