गेंचोचे एक्के

मेतोदी निवृत्त होईपर्यंत रेल्वेच्या फाटकावर होता. गाडी दिसायच्या कितीतरी आधी तो फाटक पाडायचा. एकदा पाडल्यावर निरोप आला की गाडी रद्द झाली आहे. त्याने फाटक उघडलं नाही. रद्द झालेली गाडीही येऊ शकते, असं त्याचं म्हणणं होतं. लोम गावच्या लोकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. पण त्याच्या फाटकावर कधी कोंबडीसुद्धा मेली नाही.

पत्तेही तो असेच खेळायचा.

रविवारी जेवणं उरकली की बसड्रायव्हर ल्युबेनच्या गॅरेजात चौघं पोकरला बसत. मेतोदी, ल्युबेन, जनावरांची डॉक्टर रायचेवा आणि गेंचो. पैसे कोणी लावत नसे. बरण्यांची झाकणं लावत. एक झाकण म्हणजे ल्युतेनित्साची एक बरणी. लाल मिरच्या भाजून केलेली ही चटणी तिथलं प्रत्येक घर संपणार नाही इतकी घालतं, त्यामुळे हरून कोणी भिकेला लागत नसे. फक्त आपल्या टेबलावर दुसरीच्या हाताची चव यायची, आणि घरातल्या बाईला ते सहन करावं लागायचं.

प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळत. टेबलाच्या मध्ये ठेवलेले सगळ्यांचे पाच पत्ते उघडायच्या आधीच बोली सुरू होई. एकाने बोली वाढवली आणि दुसऱ्याने त्यावर आणखी वाढवली, तर चटणीच्या खेळात त्याचा अर्थ एकच. दुसऱ्याकडे दोन एक्के आहेत. एवढ्याशा बोलीसाठी उगाच खोटं कोण बोलेल?

गेंचो तासन्‌तास सूर्यफुलाच्या बिया सोलत पत्ते टाकून डाव सोडत राहायचा. मग कधीतरी बिया बाजूला सारून वाढीवर वाढ करायचा. तसं झालं की मेतोदी हातात असेल ते टाकून द्यायचा. त्याने राण्यांची जोडी टाकली, राजांची टाकली. गेंचो झाकणं ओढून घ्यायचा आणि आपले पत्ते गड्डीत सरकवायचा. ते त्याने कधी दाखवले नाहीत.

"बघायचं नाही तुला?" रायचेवा विचारायची.

"मला दिसतायत की," मेतोदी म्हणायचा.

असं वीस वर्षं चाललं. मग शरदात गेंचो गेला. त्याचा फोटो असलेलं निधनाचं पत्रक ल्युबेनने गॅरेजच्या दारावर चिकटवलं. पुढच्या रविवारी पत्ते वाटताना त्याने सवयीने चौघांचे वाटले.

"आता उचलू का?" तो म्हणाला.

"राहू दे," मेतोदी म्हणाला. "चाळीस दिवस माणूस इथेच असतो. समोर बसलेल्याच्या हातातले पत्ते काढून घेतोस का तू?"

मग गेंचोला दर डावात पत्ते मिळू लागले आणि दर डावात ते टाकले जाऊ लागले. एकदा रायचेवाने टाकलेले उलटून पाहिले. दोन एक्के.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली. "ही मेलेल्या माणसाची लूट आहे."

ल्युबेन चर्चमधल्या पाद्र्याला विचारून आला. पाद्री म्हणाला, याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. मग त्याने हळूच विचारलं, जिंकतोय का?

शेवटी गेंचोच्या बायकोला, वेलिच्काला, खुर्चीवर बसवलं. ती नवऱ्याच्या नावाने वाटायला साखर घातलेले शिजवलेले गहू घेऊन आली होती. ते तिने बाजूला ठेवले, चष्मा लावला आणि पत्ते हातात घेतले.

"मला खेळता येत नाही," ती म्हणाली. "पण तो कसा खेळायचा ते माहीत आहे."

गेंचो जिवंतपणी जिंकला नव्हता इतका मेल्यावर जिंकू लागला. वेलिच्का बिया सोलायची, मग बिया बाजूला सारायची, आणि सगळे पत्ते टाकायचे. संध्याकाळी ती हातगाडीवरून बरण्या घरी न्यायची.

"एका दुपारी तीनदा एक्के," रायचेवा म्हणाली. "वर गेल्यावर वशिला लागतो वाटतं."

सगळे हसले. मेतोदी हसला नाही. त्या रात्री त्याला झोप आली नाही. वेलिच्का तो खेळायचा तशीच खेळत असेल, तर तो कसा खेळत होता?

चाळिसावा दिवस रविवारीच आला. त्यानंतर गेंचोला पत्ते मिळणार नव्हते. शेवटच्या डावात मेतोदीने आपले दोन पत्ते उचलून पाहिले. दोन राजे. त्याने तीन झाकणं पुढे केली.

वेलिच्काने बिया बाजूला सारल्या आणि पुढ्यातली सगळी झाकणं मध्ये लोटली.

ल्युबेनने पत्ते टाकले. रायचेवाने टाकले.

"टाका, मेतोदीकाका," ल्युबेन म्हणाला. "गहू खायचे आहेत."

मेतोदी हलला नाही.

"काय आलंय तुम्हाला? राजे? गेल्या वर्षी टाकलेत ना? तसेच टाका."

"वेलिच्का," मेतोदी म्हणाला, "तो असाच खेळला असता?"

"अगदी असाच."

मेतोदीने दारावरच्या फोटोकडे पाहिलं. लग्नातला फोटो कापून घेतलेला होता. गेंचोच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता. मग मेतोदीने स्वतःची सगळी झाकणं मध्ये ढकलली. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच. रायचेवाने त्याची नाडी धरली.

मधले पाच पत्ते उघडले. त्यांनी कोणाचंच भलं केलं नाही. मेतोदीने राजे मांडले. वेलिच्काने आपले पत्ते उलटे केले. इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री.

मेतोदी जिंकला होता. घरातलं कोणी गेल्यासारखा तो बसला होता.

"म्हणजे गेंचो..." ल्युबेनने सुरुवात केली.

"ती चुकली," मेतोदी म्हणाला. "तिला खेळता येत नाही. गेंचोने हे पत्ते टाकले असते. डाव रद्द."

"डाव रद्द कसा होईल? झाकणं तुमची आहेत."

"सत्तीवर कोण वाढवतं? मला सांग, कोण वाढवतं? झाकणं गेंचोची."

सगळ्यांनी वेलिच्काकडे पाहिलं. तिने मेतोदीकडे पाहिलं.

"चुकलेच मी," ती म्हणाली. "चष्मा घरी राहिला. सत्तीचा एक्का दिसला मला."

चष्मा तिच्या नाकावर होता. रायचेवा काही बोलणार होती, पण तिने गव्हाचा मोठा घास तोंडात भरला.

मेतोदीने बरण्या हातगाडीवर रचल्या. आपल्या घरची शेवटची बरणीही ठेवली. वेलिच्काला गाडीला हात लावू दिला नाही. ती शेजारून चालत होती. कोपऱ्यावर तो थांबला.

"आणि ज्या वर्षी नदी गोठली, तेव्हा माझ्याकडे राण्या होत्या. आठवतं? तो घरी येऊन बोलला असेल."

"बोलला होता. एक्के होते त्याच्याकडे."

तो थोडं पुढे गेला.

"ल्युबेनला मुलगी झाली त्या दिवशी?"

"एक्के."

"ईस्टरनंतरच्या रविवारी?"

"तेव्हाही."

चढावर गाडी जड झाली. तो धापा टाकत होता, पण विचारायचं थांबला नाही.

"एकदा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी एक्के टाकले होते. दोन्ही. कोणाला सांगितलं नाही."

वेलिच्काने गाडीवरून घसरणारी बरणी सावरली.

"उरलेले दोन त्याच्याकडे होते," ती म्हणाली.

मेतोदीने मान हलवली आणि गाडी ढकलली.