मिस्त्रींचे उसने नाक

गंध हा पृथ्वीचा गुण, असे आपले शास्त्रकार सांगून गेले. ज्या गृहस्थाविषयी लिहीत आहे, त्याची पृथ्वी गेल्या वर्षीच्या एका तापात निर्गंध झाली. ताप उतरला, अंगी शक्ती आली, नाक मात्र परतले नाही. अन्य कोणी ही हानी निमूट सोसली असती. परंतु हे मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री, आणि त्यांची सारी ख्याती त्या नाकावर उभी होती. गाडी दारात थांबते न थांबते तोच वायर जळते आहे की ऑइल गळते आहे, हे ते सांगून मोकळे होत. आता गिऱ्हाईक ओसरले होते. शेजारचा फरशीवाला त्यांची शेड गोदामासाठी मागत होता, आणि त्या दिवशी संध्याकाळी तो अखेरचे उत्तर घेण्यास येणार होता. मिस्त्रींनी मनाशी पण केला होता: आज जी गाडी येईल तिचा दोष सापडला तर शेड राखायची, न सापडला तर किल्ली देऊन टाकायची.

गाडी आली ती थोरल्या बहिणीचीच.

"चढावर जळका वास येतो," अक्का उतरता उतरताच म्हणाली. "दोघांना दाखवली. एकानं पट्टा बदलला, दुसऱ्यानं इंजिन पुसून दिलं. चालवून बघितली आणि म्हणतात, बाई, वास येतच नाही. मलाच खुळ्यात काढतात मेले!"

"मग माझ्याकडे कशाला? मला तर घर जळालं तरी कळायचं नाही."

"म्हणूनच आले. तू 'वास येत नाही' म्हणालास, तर निदान खरं बोलतोयस एवढं तरी समाधान!"

मिस्त्री हसले नाहीत. शेडच्या पाठीमागेच घर होते, तिकडे तोंड करून त्यांनी पत्नीला हाक मारली, "अगं, चपला घाल. तुझं नाक हवंय."

"नाक हवंय म्हणे! जन्मभर खुपसू नकोस म्हणत होतात," असे म्हणत ती माउली पदराला हात पुसत आली आणि मागच्या आसनावर बसली.

मिस्त्रींनी स्वतः गाडी हाकली. पाण्याच्या टाकीकडे जाणारा तीव्र चढ त्यांनी काचा मिटून पार केला. वास नाही. खाली येऊन पुन्हा चढले. नाही. वर थांबून त्यांनी प्रत्येक चाकाजवळ तळहात धरला. ब्रेक अडकला असता तर एखादे चाक अधिक तापते, परंतु चारही सारखीच कोमट. बॉनेट उघडून पाहिले. तापल्या नळीवर तेलाचा थेंब नाही, वायरी धडधाकट. मग रस्त्यावर उताणे होऊन गाडीखाली शिरले. एखादी प्लास्टिकची पिशवी चिकटून वितळली असेल म्हणावे, तर तीही नाही.

"झालं की रे. सोड आता," अक्का म्हणाली.

"सोडायला मी काय तुझा तिसरा मिस्त्री आहे?" सदरा झटकत ते म्हणाले.

नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याचे नावही या गृहस्थाने ऐकले नसेल. पण जे असता कार्य होते आणि जे नसता होत नाही, त्याचा माग ते काढू लागले होते. यंत्र तेच, चढ तोच. बदलत होता तो चालवणारा.

"अक्का, आता तू चालव. रोजच्यासारखी. माझ्यासाठी शहाणपणा करू नकोस."

"तो माझ्यात होताच कधी?" म्हणत अक्काने मागच्या आसनावरची जाडजूड उशी कमरेशी घेतली. तिची कंबर अलीकडे दुखत असे. गाडी चढाला लागली. अर्ध्यावर मागून आवाज आला, "आला! अहो, आला!"

"कसला? रबराचा?"

"नव्हे."

"गोडसर आहे? रेडिएटरचं पाणी गळाल्यासारखा?"

"छे हो! जाड पुठ्ठा विस्तवावर धरल्यासारखा. घशाला झोंबतोय."

मिस्त्रींची दृष्टी समोरच्या काट्यावर गेली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा भराभर चढत होता. गाडी मात्र रेंगाळत होती. बळ उत्पन्न होत होते, पण चाकांपर्यंत पोहोचत नव्हते. मधली क्लचची चकती घसरून होरपळत होती. त्यांनी वाकून खाली पाहिले.

"अक्का, डावा पाय कुठाय तुझा?"

"आहे की जागच्या जागी!"

"क्लचवर आहे."

"नुसता ठेवलाय रे. दाबलाय कुठं?"

"झोपलेल्या माणसाच्या छातीवर नुसता पाय ठेवून बघ, त्याला काय वाटतं ते."

दोष असा उकलला. उशीने अक्काला पुढे ढकलले होते, गुडघा दुमडला होता, आणि पायाला विसाव्यासाठी पेडलावाचून ठाव उरला नव्हता. आधीचे दोघे उशीविना बसले; त्यांना वास येणार कोठून?

शेडमध्ये आणून मिस्त्रींनी गाडी निवू दिली. हातब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन तत्क्षणी बंद पडले. चकती झिजली असती तर ती घसरून इंजिन चालूच राहिले असते; म्हणजे तिच्यात अजून जीव होता. त्यांनी क्लचची केबल बेताची सैल केली, आसन मागे सरकवले, उशीच्या जागी घडीची पातळ चादर दिली, आणि पेडलाच्या डावीकडे उतरता लाकडी ठोकळा बोल्टने पक्का बसवला. पाय आता तेथे टेकू लागला.

अक्का दोघांना घेऊन पुन्हा चढावर निघाली.

"आला?"

"नाही."

"नीट घे."

"अहो, किती घेऊ? आता श्वासच संपेल माझा!"

परतले तेव्हा फरशीवाला हातात जागा मोजायची टेप घेऊन दाराशी उभा होता.

"काय ठरलं, मिस्त्री?"

"जागा द्यायची नाही."

"रागावू नका, पण वास येत नाही, तर धंदा कसा करणार?"

"वास हिला येतो. तो का येतो, ते मला कळतं."

"आणि मला विचारलंत?" मागून पत्नी म्हणाली.

दिवसभर न डगमगलेला तो मनुष्य तेथे अडखळला. तो तिच्याकडे वळला. "चुकलो. विचारतो. येशील?"

"घरातलं आटोपल्यावर. आणि बसायला खुर्ची लागेल. त्या टायरांवर मी बसायची नाही."

मिस्त्री आत गेले आणि कोपऱ्यातले जुने टायर एकेक करून बाहेर लोटू लागले. त्यातला एक घरंगळत फरशीवाल्याच्या पायांशी आला. त्याने तो उचलून भिंतीला टेकवला, आणि टेप खिशात घातली.