नसरीनचं लोहचुंबक

शिवणक्लास चालवला की चिंध्या साठतात, तसेच किस्सेही. चिंध्यांच्या मी उश्या भरल्या. किस्से मात्र पडून आहेत, आणि त्यातले निम्मे आमच्या नसरीनचे!

नव्वदच्या दशकाचा शेवट, गाव पनवेल. नसरीनला लहानपणापासून फिट यायच्या. कितीही गोळ्या बदलल्या तरी थांबेनात. क्लासला पाठवताना तिच्या अम्मीने मला बजावलं, "बाई, मशीनला हात लावू द्यायचा नाही. सुईदोरा बस झाला!" पोरीचा जीव मात्र मशीनवरच.

*

फिट आली की सगळ्या बायका धावायच्या, एकेक चप्पल घेऊन. हुंगवायला! "अगं, नुसतं कुशीवर वळवा," मी ओरडायची. ऐकतंय कोण! एकदा नसरीन शुद्धीवर आली, क्लासमधल्या हिराकाकींनी नाकासमोर धरलेल्या चपलेकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हिराकाकी, नवी दिसते. छान आहे!"

*

मग मुंबईच्या डॉक्टरांनी नवाच उपाय सांगितला. छातीच्या कातडीखाली एक छोटं यंत्र, त्याची वायर मानेतल्या नसेला. यंत्र थोड्या थोड्या वेळाने नसेला हलका करंट देणार. दुबईला असलेल्या तिच्या थोरल्या भावाने खर्च उचलला, ऑपरेशन झालं.

ती क्लासला परत आली त्या दिवशी कामोठ्याच्या आमच्या हिराकाकी इस्त्रीच लावेनात. "आदी हिचं बटन बंद करा, नाय तं फ्यूज उडंल!"

*

करंट सुरू झाला की अर्धा मिनिट नसरीनचा आवाज घोगरा व्हायचा. नेमका तेव्हाच एकदा दुबईहून फोन आला आणि हिनेच उचलला. भाई कडाडला, "कौन है रे तू? घरात कसा शिरलास? नसरीनला फोन दे!"

ही त्याच आवाजात, शांतपणे, "भाईजान, हा आवाज तुम्हीच तर बसवलात!"

*

यंत्राबरोबर एक लोहचुंबक मिळालं होतं. फिट येतेय असं वाटलं की ते यंत्रावरून फिरवायचं, म्हणजे लगेच जादा करंट मिळतो. ते तिच्या उजव्या मनगटाला बांधलेलं असायचं. आम्हाला काय, टाचण्या वेचायला फुकटचं साधन! "नसरीन, जरा हात फिरव गं!"

एकदा हिराकाकींनी ते मागूनच घेतलं आणि तेवढ्यात फिट आली. काकी धावल्या आणि टाचण्यांसकट चुंबक तिच्या छातीवरून फिरवलं! फिट ओसरली. नसरीनने डोळे उघडले. "काकी, मला शिवताय का?"

*

जादू नव्हती ती. महिने गेले. फिट कमी झाल्या, पण बंद झाल्या नाहीत. शेवटी अम्मीने माझ्या देखरेखीखाली मशीन शिकू दिलं. मग म्हणाली, "दे शिवणाची परीक्षा मशीनवर. पण तिथे फिट आली, तर पुन्हा मशीनचं नाव काढायचं नाही."

परीक्षेच्या दिवशी अम्मी हॉलबाहेर पर्समध्ये कांदा घेऊन बसली. हुंगवायला! मी दारातून बघत होते. नसरीनची ब्लाऊजची एक बाही जोडून झाली आणि तिचा डावा हात थरथरायला लागला. परीक्षक घाबरून खाली बसले आणि भराभर बुटाची लेस सोडायला लागले.

नसरीनने मशीनवरून पाय काढला. उजवं मनगट छातीवरून फिरवलं आणि डोळे मिटून थांबली. हात हळूहळू स्थिर झाला. तोवर परीक्षक बूट घेऊन तिच्या नाकापर्यंत पोचले होते.

तिने डोळे उघडले, आणि त्या घोगऱ्या आवाजात, बाहेर अम्मीलाही ऐकू जाईल असं म्हणाली,

"सर, बूट घाला. मला दुसरी बाही जोडायचीय!"