भाड्यानं घेतलेलं तोंड

“कोण बोलतंय हो? काय खणखणीत आवाज आहे! आत या, चहा घेऊन जा.”

बंगल्याच्या व्हरांड्यातून वकीलसाहेबांनी हाक मारली. मी रिक्षात बसलेलो, हातात माईक, टपावर भोंगा. महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार चालू होता. तेव्हा आजच्यासारखं रेकॉर्ड लावून मोकळे होत नव्हते. माणूस बसून घसा फोडायचा. तो माणूस मी. रिक्षातून उतरलो, शर्ट सारखा केला, फाटकापाशी गेलो. वकीलसाहेबांनी जवळ येऊन चष्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“राहता कुठं?”

“मुकुंदवाडीत. स्टेशनच्या मागं.”

“असं, असं.” कडीवर ठेवलेला हात तसाच राहिला. कडी काही निघाली नाही. “आवाजावरून वाटला नाहीस हो तसा.”

तसा म्हणजे कसा, हे त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारावं लागलं नाही. जन्मापासून पाठ आहे.

“रिक्षातच बस. चहा बाहेर पाठवतो.”

चहा घेऊन आली माझी माय.

ती या कॉलनीत धुणीभांडी करायची, हे मला माहीत होतं. या वेळेला ती नेमकी याच घरात असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. तिच्या हाताला भांड्याचा साबण तसाच होता. तिनं कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. मागच्या मोरीत तिनं सगळं ऐकलं होतं. भोंग्यातून मी काय ओरडलो होतो?

“आपली कॉलनी आपलीच राहील! शेजारच्या मोकळ्या जागेवर चार मजली खुराडी होऊ देणार नाही! झोपडपट्टीचा लोंढा इकडं येऊ देणार नाही!”

माय हळू आवाजात म्हणाली, “आजवर हे लोकं बोलत व्हते. तुझ्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं व्हतं.”

आणि ती फाटकातून आत गेली. भांडी अर्धी राहिली होती तिची. आपल्या घरी कामाला येणारी बाई बाहेर कुणाशी काय बोलून आली, याची वकीलसाहेबांनी दखलही घेतली नाही.

आमच्या वॉर्डाच्या मधून एक नाला जातो. एका अंगाला कॉलनी, दुसऱ्या अंगाला आम्ही. कॉलनीला लागून एक मोठी मोकळी जागा. तिथं फक्त मोठे प्लॉट पाडायचे, त्यावर फक्त बंगले बांधायचे, असा महापालिकेचा नियम होता. लहान घरं नाहीत, वर मजले नाहीत. नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं की तुमच्या जातीचा माणूस इथं नको. लिहायची गरजच नव्हती. प्लॉटच एवढा मोठा ठेवला की आम्ही आपोआप बाहेर राहिलो. सभ्य लोकांची ही रीत मला लई उशिरा कळली.

त्या वर्षी नियम बदलायचं चाललं होतं. त्या जागेवर चार मजली इमारती होऊ द्यायच्या, दोन-दोन खोल्यांची घरं होऊ द्यायची. आमचा नगरसेवक कुणाच्या बाजूनं हात वर करतो, यावर ते ठरणार होतं. म्हणून ती निवडणूक आमच्यासाठी साधी नव्हती. आम्ही पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो. माय रूळ ओलांडून, नाला ओलांडून कामाला यायची आणि तशीच परत जायची. त्या जागेवर घर झालं असतं तर काम हाकेच्या अंतरावर आलं असतं. घरात नळ आला असता. दार कुठल्या बाजूला हवं, हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं.

आमचा उमेदवार बड्या शेतकऱ्याच्या घरचा. त्याची जमीन शेंद्र्याच्या अंगाला होती, ती कारखान्यांसाठी गेली, पैसा आला, पांढरे कपडे आले, मग राजकारण आलं. आमच्या बाजूला त्याच्यासाठी मी आठवडाभर ओरडत होतो, “काम जिथं, घर तिथं! हक्काचं, पक्कं घर!” पोटातून ओरडत होतो. तो घर देणार म्हणून, आणि माझा आवाज त्याच्या कामी येतोय म्हणूनही. शाळेत गुरुजी माझ्या ‘व्हय’ आणि ‘नाय’वर वर्गाला हसवायचे. सायकलच्या दुकानातला रेडिओ ऐकून ऐकून मी जीभ घासून काढली होती.

त्या दिवशी उमेदवाराचा मेहुणा माझ्याशेजारी बसला. नाल्याच्या पुलावर रिक्षा आली तसा तो म्हणाला, “ते घराबिराचं आता बंद. इकडं दुसरं बोलायचं.” काय बोलायचं तेही सांगितलं.

“दादा, पण हे तर आमच्याच विरुद्ध...”

“भाडं घेतलं ना? तोंडबी त्याच्यातच आलं.”

तेच बोलून मी वकीलसाहेबांच्या फाटकापाशी पोहोचलो होतो.

भिंतीवरच्या चहावर साय धरली. मी रिक्षात येऊन बसलो तशी मेहुण्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “चल, अजून एकदा. जरा दम लावून.”

मी दम लावला.

“ऐका! मी मुकुंदवाडीचा हाय. स्टेशनच्या मागं राहतो. आत्ता जे लोंढा लोंढा ऐकलं ना तुमी, तो मी. वकीलसाहेबांची भांडी घासती ती माझी माय. आमचा हात तुमच्या ताटाला चालतो, आमचं घर तुमच्या भिंतीला चालत नाय! आन् ह्योच उमेदवार नाल्यापल्याड आमाला इथलीच घरं कबूल करून आलाय! विचारा त्याला, खरं कुठं बोलला!”

पुढचं कुणी ऐकलं नाही. मेहुण्यानं बॅटरीची वायर उपटली आणि माझ्या कानाखाली जाळ काढला. व्हरांड्यात वकीलसाहेब उभेच होते. त्यांनी आत वळून एवढंच म्हटलं, “बाई, उद्यापासून येऊ नका.”

माय साडीला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडं बघितलं नाही. चालायला लागली. मी तिच्या मागं.

संध्याकाळी उमेदवारानं बोलावून घेतलं. चिडला नव्हता, हसत होता. त्याचाच मला जास्त संताप आला. “अबे, दोनीकडं दोन बोलावंच लागतं. समदेच बोलतेत. तुझा आवाज चांगलाय म्हून इतके दिवस ठेवला. माईक काढून घेतल्यावर तुला कोण इचारतंय?”

तो निवडून आला. सभागृहात विषय आला तेव्हा त्याचा हात वर गेला नाही. नियम तसाच राहिला. त्या गल्लीतल्या एकाही घरानं मायला परत कामावर घेतलं नाही. तिनं दूरची घरं धरली, आणखी लांब चालली. शेवटी पत्र्याच्या त्याच खोलीत ती वारली. मोकळ्या जागेला तारेचं कुंपण आहे, आत गवत वाढतं, आणि बंगल्यातले लोक संध्याकाळी तिथं कुत्री फिरवतात. माझी माय जिथं दार कुठं असावं ते ठरवत होती, तिथं कुत्र्यांना फिरायला जागा आहे.

हे मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही.

यंदा मी स्वतः उभा आहे. पोरं म्हणतात, पडशील. पडेन. पुन्हा उभा राहीन. रिक्षा माझी, भोंगा माझा, भाषण एकच. नाल्याच्या अलीकडं जे, तेच पलीकडं: त्या जागेवर लहान घरं होणार, चार मजली होणार, आणि आम्ही तिथं राहायला येणार. माझ्याच बोलीत सांगणार, घासूनपुसून नाही.

पहिली सभा वकीलसाहेबांच्या फाटकासमोर आहे. आता तिथं त्यांचा मुलगा राहतो. त्याला आधीच सांगून ठेवतो. चहा बाहेर पाठवू नको. कडी काढून ठेव, मत मागायला मी आत येणार आहे.