सासरेबुवांचा स्वतःचा आवाज

स्टुडिओत त्याला सगळे सासरेबुवा म्हणत. चाळीस वर्षांत त्याने साठेक चित्रपट केले आणि त्यातल्या निम्म्यांत तो कुणा ना कुणा नायिकेचा बाप होता. रस्त्यात लोक चेहरा ओळखत, नाव कुणाला आठवत नसे. त्याचं त्याला काही वाटत नसे. सल वेगळाच होता. पडद्यावरचा आवाज कधीच त्याचा नसे. संवादांचं डबिंग नंतर व्हायचं, तेव्हा तो दुसऱ्याच सेटवर असायचा. एवढ्याशा कामासाठी कोण थांबणार? एक ठरलेला आवाजवाला त्याचं सगळं बोलून मोकळा व्हायचा.

ताईची नजर गेली तेव्हापासून हे जास्तच टोचू लागलं. ही त्याची मोठी बहीण टीव्हीसमोर बसून त्याचे चित्रपट ऐकायची आणि सुनेला सारखी विचारायची, "आला का गं तो?"

अखेर एका चित्रपटाच्या वेळी त्याने हट्टच धरला. दिग्दर्शकाने एक सकाळ दिली.

काचेच्या खोलीत हेडफोन लावून तो उभा राहिला आणि घामाघूम झाला. आवाज दुसऱ्याचाच येणार म्हणून वर्षानुवर्षं तो सेटवर संवाद नुसते पुटपुटायचा, सगळा जीव डोळ्यांत ओतायचा. आता स्वतःच्याच ओठांशी त्याचा मेळ बसेना.

शेवटी आवाजवाला आत आला. "सासरेबुवा, 'पोरी' म्हणायच्या आधी तुम्ही आवंढा गिळता. तिथे थांबा."

"तुला काय ठाऊक?"

"वीस वर्षं तुमचे आवंढे मीच गिळतोय की."

बाराव्या खेपेला जमलं.

चित्रपट टीव्हीवर लागला त्या दुपारी तो ताईकडे गेला. आवाजाबद्दल ताईला काही सांगायचं नाही, असं सुनेला आधीच बजावलं होतं. ताई कान देऊन बसली. तो शेजारच्या खुर्चीत, श्वास रोखून. पडद्यावरचा बाप दारात आला, थांबला आणि म्हणाला, "पोरी, जरा थांब. मलाही यायचंय."

ताईने मान वळवली ती त्याच्या खुर्चीकडे. गुडघ्यावर एक चापट दिली.

"कुठे यायचंय? गप्प बस. तुझ्या बडबडीत तुझंच काम ऐकायचं राहील माझं."

तो गप्पच होता. पडद्यावरचा बाप बोलत राहिला, आणि गुडघ्यावरचा ताईचा हात हळूहळू घट्ट होत गेला.