जावईबापूंचा रिमोट

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. गर्दी फार होती. उजव्या डोळ्यातही तेच सुरू झाले आहे, इंजेक्शनचा उपयोग होईलसे वाटत नाही, असे म्हणाले. बस मिळाली नाही, चालत आलो. दुपारी वन्संनी काचेचे टेबल पुसून घेतले. कपडे वाळले नाहीत.

वहिनींच्या डायरीत त्या दिवशी एवढेच आहे. टेबल का पुसले, हे त्यांनी लिहिले नाही. घरात दोनच माणसे आणि दोघींनाही ते ठाऊक होते.

वन्सं म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. लग्न केले नाही, भावाच्याच घरी राहिल्या आणि शिकलेल्या वहिनीशी आयुष्यभर तोंडाला तोंड देत राहिल्या. दोघींचे पटत नसे आणि एकमेकींवाचून करमतही नसे. दादा, म्हणजे वन्संचा भाऊ, होता तोवर मधे एक पंच होता. तो गेल्यावर भांडणातली मजाही गेली.

वन्संनी तरुणपणापासून एकाच कारखान्यात नोकरी केली. तिथे रेडिओ बनत. रेडिओ उघडला की आत एक पातळ पाटी, म्हणजे बोर्ड, दिसते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. वीज त्या रेघांवरून चालते. त्या रेघा आधी कुणीतरी आखाव्या लागतात. हल्ली ते काम कंप्युटर करतो, तेव्हा बायका करायच्या. खालून दिवा लावलेले काचेचे टेबल, त्यावर चौकटींचा कागद, त्यावर पारदर्शक फिल्म आणि हातात काळ्या टेपचे रीळ. शिवणाच्या दोऱ्यापेक्षा जरा रुंद अशी ती टेप फिल्मवर ओढत न्यायची, वळवायची, ब्लेडने तोडायची. सगळे दुप्पट मापात. मग फोटो काढून ते निम्मे करत. दोन टेपा एकमेकींना कुठे चिकटल्या की वीज भलत्या वाटेने जाणार आणि रेडिओ जळणार. वन्संच्या टेपा कधी चिकटल्या नाहीत. कारखान्यात त्यांना टेपबाई म्हणत. मोठे साहेब म्हणायचे, "टेपबाईंची फिल्म आहे ना? मग तपासत बसू नका, छापा."

कारखाना कंप्युटरवर गेला तेव्हा काचेचे टेबल भंगारात निघाले होते. ते वन्सं घरी घेऊन आल्या. वहिनींना वाटले होते, जेवायला बसायचे टेबल आणताहेत.

दादा पंप दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने घरी रोबो करायला घेतला. पोट जुन्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याचे, चाके तीन, मोटारी मोटारगाडीच्या वायपरच्या. डोके म्हणून एक डबा. समोर ट्रे धरायला दोन हात, ते कधी हलायचे नव्हतेच. रोबोने स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चहा आणायचा, एवढी त्याची नोकरी. हॉलच्या कोपऱ्यात तो उभा राहिला तो राहिलाच. वहिनी त्याच्या हातांवर छत्र्या आणि पिशव्या अडकवत.

"मुलगी झाली नाही आपल्याला, पण जावई मात्र आला," वहिनी म्हणाल्या. "खायला-प्यायला नको, तेवढं सोडलं तर सगळी लक्षणं जावयाची. कोपऱ्यात उभं राहायचं आणि लोकांनी पुसूनपासून ठेवायचं."

तेव्हापासून तो जावईबापू झाला.

"रिमोट झाला की पळेल," दादा म्हणायचा.

"रिमोट विकत मिळतो की."

"विकतचा रिमोट विकतच्या रोबोला. घरात टेपबाई असताना मी बाहेरून बोर्ड आणू? लोक शेण घालतील तोंडात."

मग त्याने पेन्सिलीने सर्किट काढून वन्संच्या हातात दिले. सहा बटणे: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, आणि सहावे घंटीचे, कारण चहा आला हे कळायला हवे. मधे दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेली एक चिप, एका बाजूला बॅटरी, टोकाला एरियल. त्याच महिन्यात एका सकाळी दाढी करता करता तो बेसिनपाशी खाली बसला आणि उठला नाही.

सर्किटचा कागद वन्संच्या कपाटात राहिला. काढला की डोळे भरून येत, म्हणून त्या काढत नसत. पुढे कधीतरी डोळे भरून न येताही अक्षर धूसर दिसू लागले.

डावा डोळा आधी गेला. उजवा सांभाळून घेत होता म्हणून कळलेच नाही. या रोगात अंधार होत नाही. बघावे नेमके तिथे भोक पडते आणि भोवतालचे सगळे शाबूत राहते. डाव्या डोळ्याने वहिनींकडे पाहिले की वन्संना त्यांचे कान दिसत, केस दिसत, मानेवरची साखळी दिसे. तोंड नाही. उजव्या डोळ्यात अजून भोक नव्हते, पण सरळ रेघा मधेच वाकत होत्या. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला.

"मध्ये बघा. रेघा कशा दिसतात?"

"पाण्यात पडल्यासारख्या."

"हा कागद रोज बघायचा. वाकडेपणा वाढला की सांगायचं."

"सांगून काय होईल?"

डॉक्टर भले होते, त्यांनी खोटे सांगितले नाही. म्हणाले, "काही महिने हातात आहेत. जे बघायचं ते बघून घ्या."

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुमच्या बहिणींकडे जाऊन येऊ. फोटो बघू. कुठे जायचंय का तुम्हाला?"

"मला कुठे जायचं नाही. दादाचा बोर्ड करायचाय. माझ्या हातचा. तेवढा झाला की मग डोळ्यांनी खुशाल जावं."

अशी ती दुपार. म्हणून टेबल पुसले.

टेपची रिळे सुकली असतील असे वाटले होते, पण वरचे दोन वेढे टाकून दिल्यावर आत टेप चांगली होती. बोटांना सगळे आठवत होते. वन्सं कारखान्यातल्यासारखे पदर खोचून बसत, चष्म्यावर भिंग लावत आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकत.

डोळ्यावर विसंबायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले. रेघा वाकड्या दिसणार, दिसू देत. पोलादी पट्टी खोटे बोलत नाही. पट्टी चौकटीला लावायची, नखाने खात्री करायची आणि पट्टीच्या कडेने टेप ओढायची. बटणांची बाजू अशी झाली. बॅटरीची झाली. त्या दिवसांत वन्सं जेवताना गुणगुणत, आणि वहिनी म्हणत, "आवाज तेवढा अजून तसाच बेसूर आहे, डॉक्टरांना दाखवायला हवा होता."

राहिली मधली चिप. तिच्या पायांच्या दोन रांगा, आणि त्या पायांमधून रेघा पार करायच्या. तिथे पट्टी मावत नाही. तिथे हातानेच जावे लागते आणि हात डोळ्यामागून जातो.

वन्सं तिथे अडल्या. टेप लावायच्या, बघायच्या, ती वाकडी दिसायची. उपटायच्या, पुन्हा लावायच्या. वाकडे दिसणे हा रोग आहे हे त्यांना माहीत होते. पण आयुष्यभर जो हात वाकडे दिसले की सरळ करायला उठला, त्याला हे कोण समजावणार? एका दुपारी टेप त्यांना सरळ दिसली. कुठे बाक नाही, कुठे लाट नाही. मग तशाच सगळ्या लावल्या, भराभर, डोळा मधेच पलटेल या धास्तीने.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि काचेवर वाकल्या. त्यांच्या मिशनरी शाळेत नन भरतकाम शिकवत आणि टाका चुकला की सगळे उसवायला लावत. त्या म्हणाल्या, "वन्सं, ही रेघ इथे अशी वळायची आहे का?"

"कुठे वळते? सरळ आहे ती."

"मला आपली जरा…"

"तुम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्ही कधी स्क्रू तरी पिळलाय का?"

वहिनींनी कप ठेवला. बोर्डातले त्यांना खरेच काही कळत नव्हते. रेघा तर सगळीकडेच वळत होत्या, कुठली वळायची आणि कुठली नाही हे त्या कशाच्या आधारावर सांगणार? आणि वन्संच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे तेज होते ते दादा गेल्यापासून दिसले नव्हते. त्या गप्प बसल्या.

फिल्म घेऊन दोघी बोर्डवाल्याकडे गेल्या. त्याचे दुकान चिंचोळे, आत ॲसिडचा वास आणि भिंतीला लागून तीन कंप्युटर. त्याने फिल्म उजेडासमोर धरली आणि हसू लागला, कौतुकानेच.

"मावशी, हे असलं मी फक्त वडिलांकडून ऐकलं होतं! हाताने केलंत? कशाला हा त्रास? सर्किट द्या, कंप्युटरवर अर्ध्या तासात काढून देतो."

"हेच छाप. निम्म्या मापात."

"थोडं नीटनेटकं करून घेऊ का कंप्युटरवर?"

"हात लावू नकोस," वन्सं म्हणाल्या. "टेपबाईंची फिल्म आहे."

तो बिचारा त्या नावाला ओळखत नव्हता, पण आवाजाला घाबरला.

आठवड्याने बोर्ड आला. तळहाताएवढा, हिरवा, कडा गुळगुळीत. वन्संनी तो गालाला लावून पाहिला. तेवढ्या दिवसांत उजव्या डोळ्यातही मधे राखाडी डाग धरला होता, त्यामुळे बोर्ड डोळ्यांपुढे धरला की बोर्डच नाहीसा होई. त्यांनी दादाचे मीटर काढले. भाग जोडण्याआधी कोरा बोर्ड मीटरने तपासायचा, हा नियम. मीटरच्या दोन तारा दोन रेघांना लावायच्या. रेघा वेगळ्या असतील तर मीटर गप्प, कुठे चिकटल्या असतील तर पीं करते.

"तुम्ही तारा धरा, मी सांगते कुठे लावायच्या," वन्सं म्हणाल्या. "आधी बटणं. पहिलं आणि दुसरं."

मीटर गप्प.

"दुसरं आणि तिसरं."

गप्प. बॅटरीची बाजूही गप्प. वन्सं खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून, एखादे गाणे ऐकावे तशा.

"आता चिपची जागा. डावीकडून पहिला पाय आणि दुसरा."

पीं.

"टोक सरकलं असेल तुमचं. नीट धरा."

वहिनींनी नीट धरले. पीं.

"दुसरा आणि तिसरा."

पीं.

"पलीकडची रांग घ्या."

पलीकडची रांगही ओरडली. मग वन्सं काही सांगेनात. वहिनी आपणच एकेका पायावरून तारा पुढे नेत राहिल्या, कुठेतरी तरी ते यंत्र गप्प बसेल म्हणून. शेवटी वन्संनी हात पुढे करून मीटरचे बटण चाचपून बंद केले.

"पट्टीने केलं ते सगळं बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "बघून केलं ते चुकलं."

वहिनींनी मीटरच्या तारा गुंडाळून ठेवल्या.

"मला वाकडं दिसत होतं, ते सरळ होतं. मी दिसेल असं सरळ केलं, म्हणजे खरं वाकडं केलं. प्रत्येक रेघ शेजारणीवर नेऊन घातली." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला दिसत होतं ना?"

"हो."

"सगळ्या रेघा?"

"बहुतेक. मला वाटलं, तसंच असतं."

"खोटं बोलू नका. तुम्हाला दोऱ्याचा एक पदर सुटलेला खोलीच्या त्या टोकावरून दिसतो."

"बरं, खोटं बोलत नाही. दिसत होतं. तुम्ही खूश होतात, म्हणून बोलले नाही."

वन्संनी यावर भांडायला हवे होते. वहिनी वाट बघत राहिल्या. भांडण आले नाही.

"पुन्हा करू," वहिनी म्हणाल्या. "टेप आहे अजून. तुम्ही लावा, कुठे वाकतंय ते मी सांगत जाईन. जरा इकडे, जरा तिकडे. कंप्युटर नको, काही नको. आपण दोघी."

"म्हणजे डोळे तुमचे."

"असू देत."

"आणि हात धरून तुम्हीच नेणार. मग मी तिथे कशाला? फिल्मवर वजन ठेवायला?"

"वन्सं, असं नका बोलू."

"वाईट वाटून बोलत नाही. मला येत होतं ते एकच होतं, वहिनी. स्वयंपाक तुमच्याइतका कधी आला नाही, इंग्रजी आलं नाही, संसार केला नाही. दोन रेघा चिकटू न देणं तेवढं यायचं. ते गेलं, एवढंच म्हणते."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. वहिनींना रडू येत होते, पण वन्सं रडत नव्हत्या, तेव्हा आपण कसे रडायचे, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी बोर्ड उचलला. तो कुठे ठेवावा हे त्यांना समजेना.

"बोर्डवाल्याला सर्किट देऊ का? रिमोट तरी होईल," त्यांनी हळूच विचारले.

"द्यायचं तर द्या. मला सांगू नका." थोड्या वेळाने वन्सं म्हणाल्या, "आणि जावयाला तिथून हलवा. काल दोनदा त्याच्यावर आपटले. आज ना उद्या तोंडावर पडेन."

वहिनींनी त्याच्या हातांवरच्या छत्र्या आणि पिशव्या काढल्या. एकीने पोटाला धरले, एकीने पाठीला. वाटले होते, जड जाईल. पण दादाने चाकांना तेल भरपूर पाजून ठेवले होते. एका धक्क्यासरशी जावईबापू कोपऱ्यातून सुटला आणि आवाज न करता सरळ मागच्या खोलीच्या दारापर्यंत घरंगळत गेला. वन्संना तो दिसला नाही. त्यांनी नुसतेच हात पुढे धरून विचारले, "गेला?"

"गेला," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी वहिनींनी डायरीत लिहिले: भाजी खारट झाली. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, सुताराला सांगायचे.